लडी घाटकोपरची, वाट कान्हेरीची

मुंबईत भरतकामाचा दोरा कुठे मिळतो असे विचारले, की जाणकार बाया लगेच क्रॉफर्ड मार्केट आणि मंगलदास मार्केटचे नाव घेतात. तिथे माल स्वस्त असेल, पण आम्हा उपनगरातल्या बायांचा अख्खा दिवस जाण्यायेण्यात मोडतो. त्यापेक्षा घाटकोपरला पश्चिमेच्या बाजूला उतरावे आणि महात्मा गांधी रोडच्या दुकानांतून फिरावे. या भागात कच्छी आणि गुजराती वस्ती जुनी. आभल्यांचे काम, तोरणे, चाकळे यांची हौस त्यांच्या घराघरांत, त्यामुळे दोऱ्याची दुकानेही तशीच. मुलुंडच्या आमच्या मैत्रिणीसुद्धा आपल्या बाजारात एखादा रंग मिळाला नाही, की गाडी पकडून इथेच येतात.

दुकानात काचेखाली लड्या रंगवार लावलेल्या असतात. नुसत्या पाहूनही मन भरते! नेहमीच्या सुती लडीत साधारण ८ मीटर दोरा आणि त्या दोऱ्यात सहा पदर. लडीला दोन कागदी पट्ट्या असतात. घरी आल्या आल्या त्या काढून टाकायची सवय पुष्कळ जणींना आहे. ती आधी सोडा. पट्ट्या आहेत तोवर लडी शिस्तीत राहते. एका बाजूला दोऱ्याचे टोक बाहेर आलेले दिसते, ते हळू ओढावे. सरसर आले तर ठीक. अडले तर जोर करू नये, दुसरे टोक शोधावे. शिवाय रंगाचा नंबर पट्टीवरच असतो. पट्टी फेकली की पुढच्या खेपेला दुकानदारासमोर 'तो जरासा गर्द निळा' असे सांगत बसावे लागते, आणि निळे तर त्याच्याकडे वीस असतात.

आम्हाला निळाच हवा होता. म्हणजे निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी असे पाचही. वैशाख पौर्णिमेसाठी विहारातल्या टेबलाला पांढरे आच्छादन करायचे आणि त्याच्या चारी कडांना पंचशील ध्वज भरायचे, असे आम्ही आठ-नऊ जणींनी ठरवले होते. आमच्यात कुणी चार घरची धुणीभांडी करणारी, कुणी गारमेंटमध्ये चेकिंगला, एक बालवाडीच्या बाई, दोघी नातवंडे सांभाळणाऱ्या आज्या. भरतकाम सगळ्यांनाच थोडेफार येते. पण दोऱ्याचा गुंता झाला की निम्म्या जणी हातातले टाकून उठतात. या गुंत्यानेच आमचे दोन रविवार खाल्ले. म्हणून तिसऱ्या रविवारी घरात बसायचे नाही, डबे आणि पिशव्या घेऊन कान्हेरीला जायचे, आणि जाता जाता साकीनाक्याला उतरून या कामावर पोट असणारी माणसे दोरा कसा हाताळतात ते पाहायचे ठरले.

पूर्वी घाटकोपरहून अंधेरीकडे जायचे म्हणजे बसमध्ये तासाहून जास्त वेळ उभे राहायचे. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर ते वर्सोवा हे ११.४ किलोमीटरचे अंतर वीस-बावीस मिनिटांवर आले. गाडी वरून जाते, त्यामुळे असल्फ्याच्या डोंगरावरची रंगवलेली घरे खिडकीतून दिसतात. आमच्यातल्या एका आजींनी ती पाहून लगेच म्हटले, "बघा, दुकानातल्या लड्याच उताराला मांडल्यात." घरे आतून किती लहान आहेत हे आम्हाला कुणी सांगायला नको. तरी रंग बरे वाटतात.

साकीनाका आणि कुर्ल्याच्या बाजूच्या गल्ल्यांत शिवणाचे आणि जरीचे छोटे छोटे कारखाने आहेत. आम्ही गेलो ती खोली दहा बाय पंधराची असेल. मधोमध खाटेसारखी लाकडी चौकट, तिला 'अड्डा' म्हणतात. तिच्यावर कापड ढोलकीसारखे ताणलेले. भोवती मांडी घालून बसलेली मुले बहुतेक बिहार आणि बंगालकडची. त्यांच्या हातात सुई नसते, आरी असते. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली लाकडी मुठीची सळई. एक हात वर आरी चालवतो, दुसरा कापडाखाली दोरा धरतो. आरी आत गेली की खालचा दोरा आकड्यात अडकून वर येतो आणि साखळी पडत जाते.

आमच्या बालवाडीच्या बाईंनी तिथे बरोबर प्रश्न विचारला. हे लोक दोरा रिळावरूनच सोडतात, तुकडे करत नाहीत, तरी त्यांचा गुंता होत नाही आणि आपला मात्र होतो, असे का? कारण उघड आहे, पण लक्षात येत नाही. आरीच्या कामात दोरा कापडाखालीच राहतो, त्याचा फक्त फास वर येतो. आपल्या सुईकामात मात्र प्रत्येक टाक्याला सगळा दोरा कापडातून आरपार ओढला जातो. जितका लांब दोरा, तितक्या जास्त वेळा त्याचा सुईजवळचा भाग घासतो, लव सुटते, चमक जाते आणि लव सुटलेला दोरा स्वतःलाच चिकटून गाठ मारतो. म्हणून आपल्या कामाला एक हात दोरा पुरे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे १८ इंच. आर्ट सिल्कचा किंवा जरीचा दोरा असेल तर त्याहूनही आखूड, दीड वीत.

सुई पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा येतो म्हणून आपण लांब दोरा घेतो. आमच्यातल्या आज्यांना तर दिसत नाही, ही खरी अडचण. त्यावर तिथल्याच एका मुलाने युक्ती सांगितली. दोऱ्याचे टोक तिरके कापायचे, चिमटीत दाबून चपटे करायचे आणि दोऱ्यावर सुई आणायची, सुईकडे दोरा न्यायचा नाही. सुईमागे पांढरा कागद धरला की नेढे स्पष्ट दिसते. तरीही जमले नाही तर सुई उलटी फिरवून पाहावी. नेढे एका बाजूने ठोकून पाडलेले असते, म्हणून एक बाजू जरा मोकळी असते. दोन्ही आज्यांनी लगेच करून पाहिले, आणि त्यांतल्या एकीने तर "इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला हे," म्हणून त्या मुलालाच दटावले.

निघताना पाहिले, तर भिंतीला टेकून तयार ओढण्यांचे गठ्ठे बांधलेले. हे गठ्ठे धागे कापायला, टिकल्या लावायला वस्तीतल्या घरांमध्ये जातात. आमच्यातल्या तिघींनी हे काम वर्षानुवर्षे केलेले आहे. कामाचे पैसे नगावर. दोरा ओढला गेला, डाग पडला, तर तो नग मजुरीतून वजा. वीज आपली, जागा आपली, डोळे आपले. घरात बसून असे काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली करार क्रमांक १७७ केला, पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. एवढे तरी करा, की सरकारच्या ई-श्रम नोंदणीत आपले नाव घाला. ती २०२१ साली सुरू झाली. नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला ती करता येते. त्यात घरकाम करणाऱ्या आणि घरबसल्या नगावर काम करणाऱ्या दोघीही येतात.

अंधेरीला मेट्रो सोडून बोरिवलीची लोकल पकडली. रविवार असल्याने बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळाली, आणि खरी शाळा तिथे भरली. लोकलमध्ये कात्री काढणे धोक्याचे, म्हणून दोरा घरूनच कापून न्यायचा. त्याची सोपी रीत अशी. लडी पूर्ण सोडून अर्धा हात लांबीच्या पुठ्ठ्यावर गुंडाळायची, एका कडेला सगळे दोरे मिळून एकदा बांधायचे आणि दुसऱ्या कडेला कापायचे. मग तुकडे सरळ करून त्यांची सैल वेणी घालायची. बांधलेल्या टोकाकडून एकेक दोरा उचलून ओढला की तो वेणीतून सुटून येतो आणि बाकीचे जागचे हलत नाहीत. वेणी घट्ट घालू नका, मुलीची शाळेची वेणी नव्हे ती! ८ मीटरच्या लडीत असे सतरा तुकडे निघतात. प्रत्येकाचे दोन-दोन पदर वापरले तर एका लडीत सुईच्या एक्कावन्न ओवण्या झाल्या. इतका हिशेब करून घेतला की किती लड्या आणायच्या हेही कळते.

उरलेला दोरा गुंडाळायला विकतचे काही लागत नाही. जुनी लग्नपत्रिका जाड असते. तिचे दोन बोटे रुंद तुकडे कापा, दोन्ही कडांना बारीक खाच द्या, कोपऱ्यात रंगाचा नंबर लिहा. खाचेत टोक अडकते आणि पिशवीत कितीही हादरे बसले तरी दोरा सुटत नाही.

आता पदर वेगळे करण्याविषयी, कारण निम्मा गुंता इथेच होतो. सहा पदरांतून दोन पाहिजेत म्हणून दोन्ही एकदम ओढू नका. वरचे टोक चिमटीत धरा, एकच पदर निवडा आणि तो सरळ वर ओढून काढा. बाकीचे पाच खाली चुरगळून गोळा होतात. पाहून घाबरायला होते, पण एक पदर पूर्ण निघाला की गोळा आपोआप सुटतो, फक्त हाताने सारखा करायचा. असे एकेक काढलेले दोन पदर पुन्हा शेजारी शेजारी ठेवून सुईत घालायचे. न मोडता एकत्र ओवलेल्या पदरांपेक्षा हे कापडावर जास्त सपाट बसतात आणि भरण भरीव दिसते. टाके घालता घालता दोऱ्याला पीळ चढतो. आठ-दहा टाक्यांनंतर कापड उलटे धरून सुई खाली लोंबती सोडली, की ती स्वतःभोवती फिरून पीळ उतरवते. हलत्या गाडीतही हे जमते, मात्र शेजारणीला आधी सांगावे.

दोरा पट्टीत दुमडून वाकडातिकडा झालेला असेल तर ओलसर फडक्यातून एकदा ओढावा आणि वाळू द्यावा. ओलसर म्हणजे पिळून काढलेले, पाणी टपकता कामा नये. आमच्यातली एक जण असा ओलसर दोरा गरम पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याभोवती गुंडाळून ठेवते. पाणी निवेपर्यंत दोरा सरळ होऊन वाळतो. इस्त्रीपेक्षा आम्हाला हे बरे वाटले, जळायची भीती नाही. आर्ट सिल्कचा दोरा स्प्रिंगसारखा उसळतो, त्याला तर हा पेला फारच लागू पडतो.

आणि दोऱ्याइतकेच हाताकडेही पाहा. दुसऱ्याच्या घरची भांडी घासून, साबणाच्या पाण्यात हात घालून बोटे खरखरीत होतात. दोऱ्याची लव त्यात अडकते आणि आपल्याला वाटते दोराच खराब. चिमूटभर साखर आणि दोन थेंब खोबरेल तेल हातावर चोळावे, साखर विरत आली की साबणाने धुवावे आणि पूर्ण कोरडे पुसावे. तेल राहिले तर कापडाला डाग. पाच मिनिटे काम थांबते, पण त्या हातांनी रेशीमही अडकत नाही.

बोरिवलीला पूर्वेला उतरले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक चालत जाण्याइतके जवळ आहे. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात ठेवा. शेवटी पायऱ्या चढाव्या लागतात, त्या आज्यांनीही सावकाश चढल्या.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षे इथे भिक्खू राहिले. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत बुद्धांच्या दोन भव्य उभ्या मूर्ती समोरासमोर आहेत, सुमारे २३ फूट उंच. हातात चीवराची कड धरलेली. आमचे लक्ष या खेपेला त्या चीवराकडेच गेले. इथल्या शिलालेखांत भिक्खूंच्या चीवरासाठी दात्यांनी कायमची ठेव ठेवल्याचे उल्लेख आहेत. नाशिकच्या लेण्यांतल्या उषवदाताच्या लेखात तर ती रक्कम विणकरांच्या श्रेणीकडे ठेवून तिच्या व्याजातून २० भिक्खूंना चीवराचे पैसे द्यावेत असा हिशेबच कोरलेला आहे. म्हणजे कापड, दोरा आणि सुई यांचा विचार या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी चालत होता.

भिक्खूजवळ ज्या आठ वस्तू असाव्यात त्यांत सुई आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात या शिवणकामाची सगळी हकीकत आली आहे, आणि ती वाचताना आपल्याच वस्तीतल्या अडचणी कुणी लिहून ठेवल्यात असे वाटते. आधी भिक्खू पिसाच्या दांडीने आणि बांबूच्या कामटीने शिवत. चीवर नीट शिवले जाईना, तेव्हा भगवंतांनी सुईला अनुमती दिली. सुया गंजू लागल्या, तेव्हा सुईच्या नळीला. नळीतही गंजल्या, तेव्हा एकेक उपाय करत पीठ, दगडाची पूड आणि शेवटी मेण. टाके वाकडे जाऊ लागले तेव्हा आखणीचा दोरा. कापड ताणून धरायला 'कठिन' नावाची चौकट. बोटांना सुई टोचू लागली तेव्हा अंगुस्तान, पण सोन्याचांदीचे नको.

मुंबईच्या पावसात सुया कशा गंजतात ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा मेणाचा उपाय आपणही घ्यावा, तो खरेच चालतो. छोट्या डबीत मधमाशीच्या मेणाचा तुकडा ठेवा आणि सुया त्यात खोचा. त्याच मेणावरून शिवणाचा किंवा टिकल्या लावायचा साधा दोरा दोन-तीन वेळा ओढला की तो गुळगुळीत होतो, गाठ कमी पडते. नंतर दोरा बोटांतून चोळून घ्यावा म्हणजे मेण आत मुरते. मात्र रंगीत भरणाच्या दोऱ्याला मेण लावू नका, चमक मरते आणि धूळ धरते. मेणबत्तीही वापरू नका. तिचे मेण पापुद्र्याने सुटते आणि इस्त्री फिरली की डाग पडतो.

विनयातली आणखी एक गोष्ट चैत्यगृहाबाहेरच्या पायरीवर डबे उघडताना बाईंनी सांगितली. हस्तिदंताचे काम करणाऱ्या एका कारागिराने श्रद्धेने भिक्खूंना सांगितले, की ज्याला सुईची नळी हवी त्याला मी देईन. भिक्खू मागतच राहिले. एकाला लहान दिली तर त्याला मोठी हवी, दुसऱ्याला मोठी दिली तर लहान. त्या माणसाला विक्रीचा दुसरा माल करायला वेळच उरेना. त्याचे पोट चालेना, बायकोमुलांचे हाल होऊ लागले. लोकांत कुजबुज झाली. तेव्हा भगवंतांनी हाडाची, हस्तिदंताची, शिंगाची सुईनळी करवून घ्यायला मनाई केली, आणि केली असेल तर ती फोडून टाकायची असा नियम घातला. हे ऐकून ओढण्यांना टिकल्या लावणारी आमची वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या कारागिराच्या बायकोचंसुद्धा लिहून ठेवलंय म्हणजे."

चीवराची शिवण पाहिली तर तुकडे जोडलेले असतात. मगधातली बांध घातलेली भातशेते पाहून भगवंतांनी आनंदाला तसे चीवर करायला सांगितले, असे महावग्गात आहे. आपल्या आयाआज्यांनी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळा शिवल्या, त्यांना हे कुणी वाचून दाखवले नव्हते. त्यांचा धावदोरा मात्र सरळ होता.

जेवणे झाल्यावर झाडाखाली आच्छादन पसरून सगळ्या बसलो. पंचशील ध्वज दिसायला सोपा, भरायला अवघड. १८८५ साली श्रीलंकेत तो प्रथम तयार झाला. पाच रंगांचे पाच उभे पट्टे आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग आडवे, लहान लहान. सहाव्यातच सगळ्यांचे दोरे अडकत होते, कारण एकच सुई घेऊन रंग बदलत बसायचो. आता पाच सुया पाच रंगांत आधी ओवून ठेवल्या. एक रंग झाला की त्याची सुई कापडाच्या उजव्या बाजूला, कामापासून चार बोटे दूर खोचायची, मागे लोंबू द्यायची नाही. मागचे लोंबते दोरेच एकमेकांत गुंततात.

रंगाची परीक्षा आम्ही घरीच केली होती. प्रत्येक दोऱ्याचे टोक ओले करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचे. लालाने रंग सोडला. शेजारच्या वस्तीत एका आच्छादनावर असाच लाल पांढऱ्यात उतरलेला आम्ही पाहिला आहे, म्हणून ही खबरदारी. मीठ किंवा व्हिनेगर टाकून आजचे रंग पक्के होत नाहीत, कुणी काही म्हणो. लाल दोरा थंड पाण्यात, पाणी निव्वळ होईपर्यंत खळबळायचा आणि सावलीत वाळवायचा. भरून झालेले कापडही थंड पाण्यातच धुवायचे आणि ओले पिळून तसेच ठेवायचे नाही.

चार वाजेपर्यंत सहाव्या पट्ट्यासकट तीन ध्वज पुरे झाले, आणि पांढऱ्या दोऱ्याचे काम सगळ्यांत शेवटी घेतले, हात धुऊन.